नळ की विहीर? कामाचा संगणक नेमका कुठे असावा

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने खर्डी सोडले की पुढचे स्थानक उंबरमाळी. त्यानंतर कसारा, आणि मग घाट सुरू. एका जुलै महिन्यात आम्ही या भागातल्या एका शाळेत बसलो होतो. बाहेर पावसाने समोरचा डोंगर दिसेनासा झाला होता. गुरुजींना विद्यार्थ्यांची माहिती त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ऑनलाइन भरायची होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटे वर्तुळ अर्ध्या तासापासून नुसते गरगरत होते.

"लॅपटॉप बिघडला का?" आम्ही विचारले.

"त्याला काय धाड भरली आहे? चांगला धडधाकट आहे," गुरुजी म्हणाले. "पण माहिती साठते ती इथे नाही. खरा संगणक तिकडे कुठेतरी आहे. आमच्याकडे आहे ती नुसती त्याची खिडकी."

शेवटी कंटाळून त्यांनी ते पान मिटले आणि त्याच लॅपटॉपवर चौथीच्या चाचणीची प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतली. ती वीस मिनिटांत पुरी झाली. यंत्र तेच, माणूस तोच, पाऊसही तोच. एक काम अडून राहिले आणि दुसरे झाले. असे का व्हावे?

या प्रश्नामागे संगणकाच्या इतिहासातला एक जुना वाद आहे. सर्वांसाठी मिळून मध्यभागी एक मोठा संगणक असावा, की प्रत्येकाच्या टेबलावर त्याचा स्वतःचा संगणक असावा? शहापूर तालुक्यातल्या वाचकांना हा वाद समजायला लांब जायला नको. या तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ सालापासून नळाने मुंबईला जाते. मुंबईतल्या माणसाला स्वतःची विहीर खणावी लागत नाही की उपसावी लागत नाही. पण त्याची तोटी कोरडी पडली तर तो स्वतः काहीही करू शकत नाही, कारण झडप दुसऱ्याच्या हातात असते. आणि जिथे नळ पोचलाच नाही तिथे धरण शेजारी असूनही उपयोग होत नाही. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. केंद्रीय संगणक म्हणजे धरण आणि नळ. टेबलावरचा संगणक म्हणजे आपली विहीर. दोन्हींचे गुण-दोष आपण क्रमाने पाहू.

छिद्रपत्रांचा गठ्ठा आणि कुलाब्याची वारी

सुरुवातीला निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. संगणक इतके मोठे आणि महाग होते की ते मध्यभागीच असू शकत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक बांधण्यात आला. तो १९६० साली पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत ४० अंकी (म्हणजे शून्य किंवा एक असे ४० अंक असलेले) २०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा: सुमारे ८२ हजार शून्य-एक, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही एवढ्या जागेत मावणार नाही.

१९६४ साली याच संस्थेत सीडीसी ३६०० हा बाहेरून आणलेला मोठा संगणक बसला आणि इतर संस्थांतल्या संशोधकांनाही तो वापरता येऊ लागला. पण वापरायचा कसा? आपले गणित जाड कागदाच्या पत्रांवर भोके पाडून लिहायचे. या पत्रांना छिद्रपत्रे म्हणत. त्यांचा गठ्ठा बांधून कुलाब्याला नेऊन द्यायचा. इतरांचे गठ्ठे आधी आलेले असले तर आपला नंबर लागेपर्यंत थांबायचे. एका पत्रावर एक भोक चुकले तर उत्तराऐवजी चूक दाखवणारा कागद हाती यायचा. पत्र दुरुस्त करायचे आणि पुन्हा रांगेत.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. संगणकाचा वेळ मौल्यवान होता, म्हणून माणसाने थांबायचे होते. यंत्र रिकामे राहता कामा नये. माणूस रिकामा बसला तरी चालेल.

हे थांबणे कमी करण्यासाठी परदेशात १९६०च्या दशकात एक युक्ती निघाली. तिला 'कालविभाजन' म्हणता येईल. आपल्या वाचकांपैकी जे द्विशिक्षकी शाळेत शिकवतात त्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायची गरज नाही. पहिलीला पाढे लिहायला लावायचे, तोवर दुसरीचे वाचन घ्यायचे, दुसरीला उतारा देऊन पहिलीच्या पाट्या तपासायच्या. शिक्षक एकच, पण दोन्ही वर्गांना वाटते की गुरुजी आपल्याकडेच आहेत. मोठा संगणकही असाच एकेका वापरणाऱ्याला सेकंदाचा छोटा तुकडा देतो आणि पुढच्याकडे वळतो. प्रत्येकासमोर फक्त कळफलक आणि पडदा असतो. याला टर्मिनल म्हणतात. टर्मिनलला स्वतःची अक्कल जवळजवळ नसते. गुरुजी ज्याला 'खिडकी' म्हणाले ती हीच. अर्थात एका गुरुजींकडे चारऐवजी चौदा वर्ग दिले तर काय होईल हेही आपण जाणतो.

विहिरी खणल्या गेल्या

१९७० च्या दशकात एका छोट्या चकतीवर संगणकाचे सगळे गणन-मंडल मावू लागले आणि संगणकाची किंमत कोसळली. १९७७ साली ॲपल-२ आणि १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला. भारतात १९८४ साली 'क्लास' या प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे छोटे संगणक पोचले. १९९० च्या दशकात तर कचेऱ्या, छापखाने, शिकवणी वर्ग अशा सगळ्या ठिकाणी टेबलावर संगणक दिसू लागले.

या संगणकाने जुना हिशेब उलटा केला. आता यंत्र स्वस्त झाले होते आणि माणसाचा वेळ महाग. यंत्र दिवसभर रिकामे राहिले तरी कुणाचे बिघडत नव्हते. कारकुनाला वाटले तेव्हा तो तक्ता मांडू शकत होता, चुकला तर लगेच पुसू शकत होता. परवानगी नको, रांग नको. त्या काळी अनेकांनी भाकीत केले की मोठे केंद्रीय संगणक आता संपले.

ते संपले नाहीत. का संपले नाहीत हे समजून घ्यायला आपण पुन्हा कसाऱ्याच्या मार्गावर येऊ.

एक बर्थ आणि दोन खिडक्या

मुंबईहून नागपूरकडे जाणारी विदर्भ एक्सप्रेस रोज याच मार्गाने घाट चढते. समजा तिच्या एका डब्यातला २३ क्रमांकाचा बर्थ रिकामा आहे. मुंबईच्या खिडकीवरच्या संगणकात रिकाम्या बर्थची एक यादी आहे आणि नागपूरच्या संगणकात तीच यादी वेगळी ठेवलेली आहे. दोन्ही ठिकाणी एकाच मिनिटाला प्रवासी आला. दोन्ही संगणकांनी आपापली यादी पाहिली, '२३ रिकामा' असे दिसले, तिकीट छापले. दोघांपैकी कुणाचाही संगणक बिघडलेला नाही, कुणीही चूक केलेली नाही. तरीही रात्री एका बर्थवर दोन माणसे उभी राहणार.

संगणक नव्हते तेव्हा रेल्वेने यावर एक उपाय शोधला होता: कोटा. प्रत्येक मोठ्या स्थानकाला ठरावीक बर्थ वाटून द्यायचे. ज्याने त्याने आपल्या वहीत आपलेच बर्थ विकायचे. भांडण मिटले, पण एका स्थानकाचे बर्थ रिकामे जात आणि दुसऱ्या ठिकाणी लोक परत फिरत. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल तर तार पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे.

१९८५ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद मिळून पाच केंद्रे झाली. प्रत्येक केंद्राकडे आपापल्या भागातल्या गाड्यांची यादी होती. म्हणजे पाच मोठी धरणे, पण वेगवेगळी. ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडण्याचे काम १९९९ साली पूर्ण झाले आणि तेव्हापासून कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचे आरक्षण करता येऊ लागले. इथे यादी कुठल्या शहरात आहे याला महत्त्व नाही. महत्त्वाचे हे की एका बर्थची खरी नोंद एकाच ठिकाणी आहे आणि बर्थ विकण्याआधी प्रत्येक खिडकीला तिथे विचारावे लागते.

आता खर्डी ते कल्याण या लोकलच्या तिकिटाचा विचार करा. त्या तिकिटावर बर्थ नसतो, जागेचा क्रमांक नसतो. शंभरावे तिकीट विकले म्हणून एकशे एकावे नाकारता येत नाही. मग मध्यभागी विचारायची गरज काय? खरोखरच नव्हती. म्हणून तर जाड पुठ्ठ्याची छापील तिकिटे कपाटात ठेवून आणि त्यांवर तारखेचा ठसा उमटवून रेल्वेने शंभराहून अधिक वर्षे कारभार केला. अनारक्षित तिकिटांसाठी संगणक २००२ पासून आले, तेही मुख्यतः हिशेब आणि सोय यांसाठी.

इथे आपल्याला पहिला नियम सापडतो. ज्या वस्तूवर अनेकांचा हक्क आहे आणि जी मोजकीच आहे, तिची नोंद एकच हवी. जे काम आपल्यापुरते आहे ते आपल्याजवळ केलेले बरे. गुरुजींची प्रश्नपत्रिका त्यांच्यापुरती होती. म्हणून ती पावसात अडली नाही.

वर्गात करून पाहा

पाचवी ते आठवीच्या वर्गात हा खेळ अर्ध्या तासात होतो. फळ्यावर १ ते १२ आसने लिहा. वर्गाच्या दोन टोकांना दोन 'खिडक्या' मांडा. प्रत्येक खिडकीवर एक तिकीट देणारा आणि समोर आठ-आठ प्रवाशांची रांग. प्रत्येक प्रवाशाने आपल्या आवडीचा आसन क्रमांक मागायचा. खेळ तीन वेळा खेळायचा.

पहिल्या वेळी दोन्ही खिडक्यांना बारा आसनांची स्वतंत्र यादी द्या. एकमेकांशी बोलायचे नाही. काम झटपट होते, पण शेवटी याद्या ताडून पाहिल्या की काही आसने दोनदा विकलेली निघतात.

दुसऱ्या वेळी यादी एकच, ती मध्यभागी शिक्षकांच्या टेबलावर. प्रत्येक मागणीसाठी एका मुलाने धावत जाऊन विचारून यायचे. आसन दोनदा विकले जात नाही, पण वेळ किती लागला ते घड्याळावर पाहा. मध्येच त्या धावणाऱ्या मुलाला दोन मिनिटे खाली बसवा. दोन्ही खिडक्या बंद पडतात. उंबरमाळीच्या बाजूला 'रेंज गेली' म्हणजे काय ते मुलांना न सांगता कळते.

तिसऱ्या वेळी आसने सहा-सहा वाटून द्या. वेगही मिळतो, गोंधळही नाही. आता एका रांगेतले पाच प्रवासी दुसऱ्या रांगेत पाठवा. एका खिडकीवर आसने उरतात आणि दुसऱ्या खिडकीवरून मुले तिकिटाविना परततात.

तिन्ही वेळांच्या नोंदी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून मुलांना विचारा: यातली कुठली पद्धत सगळ्यात चांगली? वाद होऊ द्या. एकच उत्तर निघत नाही, आणि हीच या विषयातली शिकण्याची गोष्ट आहे.

अक्षरे का बिघडली?

स्वतःच्या विहिरीचा एक तोटा आपण मराठी माणसांनी फार भोगला आहे. १९९० च्या दशकात आणि पुढेही बराच काळ एका कचेरीत टाइप केलेले मराठी पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसायची. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या संचांनी मराठी अक्षरांना आपापल्या सोयीने क्रमांक दिले होते. इकडचा 'क' तिकडे भलतेच काही व्हायचा. प्रत्येक टेबल स्वतंत्र होते, पण दोन टेबलांना एकमेकांची भाषा कळत नव्हती.

हे सोडवायला सगळ्या कचेऱ्यांची पत्रे एका मोठ्या संगणकावर न्यावी लागली नाहीत. हवी होती ती क्रमांकांची एक समान यादी. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' ही प्रमाण यादी स्वीकारली. जगातल्या सर्व लिप्यांसाठी त्याच सुमारास 'युनिकोड' तयार होत होते आणि पुढे तेच सर्वत्र रुळले. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे २३२५, मग तो संगणक कसाऱ्यात असो वा कॅनडात. म्हणजे मध्यभागी प्रत्येक वेळी यंत्रच असायला हवे असे नाही. पुष्कळदा मध्यभागी सर्वांनी मान्य केलेला एक करार असला तरी पुरतो.

दोन प्रतींचे भांडण

आपल्या गावातल्या प्रत्येकाला ज्याची काळजी असते असा एक कागद म्हणजे सातबारा. तो पिढ्यानपिढ्या तलाठ्याच्या हस्तलिखित दप्तरात होता. मग तो संगणकात आला. मधल्या काळात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी चालू राहिल्या आणि व्हायचे तेच झाले. कुठे वारसाचे नाव एका प्रतीत होते, दुसऱ्या प्रतीत नव्हते; कुठे क्षेत्राचे आकडे जुळेनात. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या जाऊ लागल्या की त्या कधी ना कधी वेगळ्या होतातच. यात संगणकाचा किंवा वहीचा दोष नाही.

हे जुळवायला २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातल्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायच्या आणि चूक असेल तर सांगा म्हणायचे. संगणकाच्या भाषेत याला प्रतींचा मेळ घालणे म्हणतात. इथे तो मेळ माणसांच्या कानांनी घातला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. आता नोंद एक झाली, घरबसल्या मिळू लागली. शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यावरच्या शेतकऱ्याची एक खेप वाचली, हा फायदा लहान नाही. पण त्या एका नोंदीपर्यंतची वाट तुटली की सगळ्यांचेच काम एकदम थांबते, हा नवा धोकाही सोबत आला.

साखळीच्या कड्या

तो धोका किती मोठा, याचे गणित आठवीची मुलेही करू शकतात. समजा केंद्रातला सर्व्हर १०० पैकी ९९ तास चालू असतो. गावात वीज १०० पैकी ९० तास असते. मोबाइलची रेंज १०० पैकी ९० तास असते. काम होण्यासाठी तिन्ही एकाच वेळी हव्यात. या कड्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे मानले तर

०.९९ × ०.९० × ०.९० = ०.८० (सुमारे)

म्हणजे १०० पैकी फक्त ८० तास काम होईल. केंद्रातला माणूस खरेपणाने सांगेल की 'आमचा सर्व्हर ९९ टक्के चालू होता'. गावातला माणूसही खरेपणाने सांगेल की 'पाच दिवसांतला एक दिवस वाया गेला'. दोघेही खोटे बोलत नाहीत. ते साखळीच्या दोन टोकांना उभे आहेत. (प्रत्यक्षात वीज गेली की काही वेळाने मनोऱ्याची बॅटरी संपून रेंजही जाते, म्हणजे कड्या स्वतंत्र नाहीत. मग गणित कसे बदलेल याचा विचार जरूर करावा.)

दुसरा प्रश्न गर्दीचा. समजा सर्व्हर मिनिटाला ५० अर्ज साठवू शकतो आणि एकूण ६००० अर्ज यायचे आहेत. दहा दिवसांत विखरून आले तर सगळे मिळून दोन तासांचे काम. पण शेवटच्या दिवशी एकाच तासात सगळे आले, तर तास संपताना ३००० अर्ज रांगेत उभे असतील. त्यातच वर्तुळ फिरताना पाहून प्रत्येकाने अधीर होऊन पुन्हा एकदा बटण दाबले की मागण्या आणखी वाढतात आणि रांग पुढे सरकतच नाही. 'रात्री दोन वाजता साइट छान चालते' असे शिक्षक सांगतात त्यामागे हे साधे गणित आहे. रात्री सर्व्हर हुशार होत नाही, रांग संपलेली असते. मात्र त्यासाठी शिक्षकाने रात्री दोनपर्यंत जागावे, हे काही गणिताचे उत्तर नव्हे. छिद्रपत्रांच्या काळात यंत्रासाठी माणूस थांबत होता; तोच काळ इथे वेगळ्या रूपात परत आला आहे.

तिसरा प्रश्न कडी कायमची तुटण्याचा. शिक्षकांच्या पगाराची 'शालार्थ' ही राज्यभराची एकच प्रणाली जानेवारी २०१८ मध्ये तांत्रिक बिघाडाने बंद पडली आणि पुढे काही महिने पगार जुन्या पद्धतीने, कागदी बिलांवर काढावे लागले. काढता आले, कारण जुनी पद्धत माहीत असणारी माणसे आणि कागद अजून शिल्लक होते. दहा वर्षांनी तसे काही घडले तर ते असतील का, याचा विचार आपण केला पाहिजे.

आणि टेबलावर स्वतःचा संगणक असला की आपण सुरक्षित, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पडले. ते सगळे आपापल्या टेबलांवर होते, पण त्यांना औषध पाजणारा हात एकच होता. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. विहिरी वेगवेगळ्या असल्या तरी सगळ्यांत एकाच पिंपातली भुकटी टाकली की त्या एकदमच बिघडू शकतात.

मधला मार्ग

मग करायचे काय? याचे एक चांगले उत्तर रेल्वेच्या खिडकीवरच सापडते. अनारक्षित तिकिटांची संगणक-व्यवस्था उभारताना खिडकीवरचे यंत्र नुसती खिडकी ठेवली नाही, त्याला थोडी अक्कल दिली. केंद्राशी जोडणी तुटली तरी ते काही काळ स्वतःच्या बळावर तिकिटे देत राहते, नोंद आपल्याजवळ ठेवते आणि जोडणी आली की सगळा हिशेब केंद्राला कळवते. लोकलच्या तिकिटात बर्थचे भांडण नसल्याने हे करता येते. आरक्षणात असे करता येणार नाही.

याला 'साठवा आणि नंतर पाठवा' अशी पद्धत म्हणता येईल. गावाकडच्या भाषेत सांगायचे तर नळ येईल तेव्हा भरून ठेवायची टाकी. धरणाचे पाणी हवेच, पण दारात टाकी असली तर दोन दिवस नळ आला नाही तरी चूल थांबत नाही. विद्यार्थ्यांची नावे, हजेरी, मूल्यमापनाच्या नोंदी यांत बर्थसारखे भांडण क्वचितच असते. एका शाळेच्या चौथीची हजेरी दुसरी कुठली शाळा भरणार नसते. म्हणून ही सगळी माहिती शाळेत बसून, जोडणी नसतानाही भरता यायला हवी आणि रेंज मिळाली की आपोआप वर जायला हवी. पावसात बसलेल्या गुरुजींचे काम अडावे असे त्या कामात मुळात काहीच नव्हते. ज्याने ती व्यवस्था आखली त्याने रेंज कायम असते असे गृहीत धरले होते, एवढेच.

आपल्या शाळेत किंवा पंचायत समितीत नवी संगणक-व्यवस्था येईल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारावेत. खरी नोंद कुठे राहणार? जोडणी तुटली तर कुठली कामे चालू राहतील? आपण भरलेल्या माहितीची प्रत आपल्याला आपल्याजवळ ठेवता येईल का? आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करायचा अधिकार कुणाला, तो माणूस आपल्याला भेटेल का? हे प्रश्न विचारायला संगणक-शास्त्राची पदवी लागत नाही. झडप कुणाच्या हातात आहे हे विचारण्याइतके ते साधे आहेत.

शाळेच्या कपाटातले जनरल रजिस्टर आठवा. तालुक्याला माहिती दरवर्षी जाते, पण ते रजिस्टर शाळा सोडून जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी शिकून गेलेला माणूस दाखला मागायला येतो तेव्हा तेच कामी येते. ज्यांनी ही पद्धत घालून दिली त्यांच्यासमोर संगणक नव्हता, पण टाकीचे महत्त्व त्यांना कळले होते.

त्या दिवशी निघताना आम्ही पाहिले, गुरुजींनी सगळ्या मुलांची माहिती आधी एका वहीत आखून घेतली होती. "रेंज आली की यातून बघून पटापट भरतो," ते म्हणाले. ती वही म्हणजे त्यांनी स्वतः बांधलेली टाकीच होती. ती त्यांना वहीत बांधावी लागू नये, व्यवस्थेतच असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

बारा आसनांचा खेळ वर्गात घेतलात तर तिन्ही वेळांच्या नोंदी आम्हाला जरूर कळवा. मुलांनी चौथी पद्धत शोधून काढली असेल, तर ती आधी कळवा.